कूराबेलच्या तळ्यावरची हाक

३० जानेवारी, बुधवार

नापास झाले.

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पेपरांवर लाल शाईनं शेरे मारले आणि सदुसष्टाव्या वर्षी स्वतः नापास झाले. तेही कशात? बदकं मारण्याच्या परवान्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात. मी, विनिफ्रेड कॅडोगन, जिनं या जिल्ह्यातल्या प्रत्येक सभागृहात उभं राहून या 'खेळा'विरुद्ध तीस वर्षं आग ओकली.

का बसले ते लिहून ठेवते. कायदा असा आहे की हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत परवान्याशिवाय कोणी पाण्यात पाऊल टाकायचं नाही, आणि परवाना मिळतो फक्त शिकाऱ्याला. म्हणजे ज्याला मारायचंय त्यानं उजाडताच उतरावं, ज्याला वाचवायचंय त्यानं काठावर उभं राहून ऐकावं. दरवर्षी आम्ही नारिंगी जाकिटं घालून ऐकतो. दहा वाजता पाण्यात शिरतो तेव्हा ते लोक सॉसेज भाजत असतात आणि पंख तुटलेली, अजून न मेलेली बदकं लव्हाळ्यात चोच खुपसून बसलेली असतात. या वर्षी परवाना काढून पहाटेच उतरायचं ठरवलं. बंदूक न घेता. परवाना असणाऱ्यानं बंदूक बाळगलीच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. तीनदा वाचला.

परीक्षा म्हणजे अंधाऱ्या खोलीतला एक पडदा. पडद्यावरून बदकं उडत जातात, एकेक जेमतेम चार सेकंद. प्रत्येकासमोर खूण करायची : मारायचं की सोडायचं. सोडायच्या पक्ष्यांपैकी एक जरी मारला तरी नापास. खिडकीवरच्या च्युइंगम चघळणाऱ्या मुलीनं माझा कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, "सॉरी हं. तुम्ही एक ठिपक्या मारलात."

ठिपक्या. ठिपकेदार बदक, या देशातलं सगळ्यात दुर्मीळ. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या कूराबेलच्या तळ्याकाठी चिखल उकरला होता आणि त्यातून कोणीतरी पुरून ठेवलेली सेहेचाळीस ठिपकी बदकं बाहेर काढली होती. मेलबर्नला विधानभवनाच्या पायऱ्यांवर ती ओळीनं मांडून मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं भाषण केलं. 'कूराबेलचा भेकड' हे शब्द माझेच. ज्यानं तो गोळीबार करवला त्याचं नाव शोधून त्याच पायऱ्यांवरून घेईन, असं मी वचन दिलंय.

आणि आज मी स्वतः एक मारलं. कागदावर का होईना. चार सेकंदांत.

२ फेब्रुवारी, शनिवार

बातमी गावभर. पावाच्या दुकानात माझ्याकडे बघून हसले.

दुपारी, एक्केचाळीस अंश उन्हात, कुंपणापलीकडून क्लेमची हाक. क्लेम ट्रेगियर, माझा शेजारी, वय चौऱ्याहत्तर, पवनचक्क्या दुरुस्त करण्यात जन्म गेला. पन्नास वर्षं बदकं मारली. माझा नवरा गेला तेव्हा सांत्वनाला हा भाजलेलं बदक घेऊन आला होता. मी ते डब्यासकट कचऱ्यात टाकलं. डबा त्यानं कधी मागितला नाही.

"मास्तरीणबाई! ऐकलं, शिकार केलीस म्हणे!"

"क्लेम, तोंड आवर."

"लागलं कुठे? पंखाला की मानेला?"

"तुला काय हवंय?"

त्याची कुत्री बिस्किट त्याच्या पायाला चिकटून उभी होती. हल्ली ती त्याला क्षणभर सोडत नाही. "पडदा बघून नाही कळायचं तुला," तो म्हणाला. "तळ्यावर चल. मी शिकवतो."

मी म्हणाले, खाटकाकडे शिकायला जाण्याइतकी वेळ माझ्यावर आलेली नाही. तो म्हणाला, "आली आहे की. कागदावर लिहून आली आहे."

अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तरीही हो म्हणाले. वीस तारखेला पुन्हा परीक्षा आहे.

६ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे तळ्यावर. गाडी मी चालवली. म्हाताऱ्यानं स्वतःची गाडी डिसेंबरातच विकून टाकली. म्हणतो, पेट्रोल परवडत नाही. चिक्कू.

तळं यंदा भरलेलं. मधोमध ते वाळलेलं रेड गमचं, निलगिरीच्या जातीचं झाड. क्लेम त्याच्याकडे नुसता हात करून म्हणाला, "ती माझी जागा." कूराबेलच्या शिकाऱ्यांची एक जुनी रीत आहे, मला ऐकून माहीत होती. ओळीतला सगळ्यात जाणता माणूस त्या झाडाशी उभा राहतो. थवा आला आणि तो न मारायचा असला तर तो ओरडतो, 'सोडा!' मग कोणी चाप ओढत नाही. हाक आली नाही तर मारायचं. ही हाक बावीस वर्षं क्लेमची.

"म्हणजे किती बदकं मरावीत हे बावीस वर्षं तू ठरवलंस," मी म्हणाले.

"कुठली मरू नयेत ते," तो म्हणाला. मग डोळे मिटून उभा राहिला आणि मला म्हणाला, "बघू नकोस. ऐक."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो मिटल्या डोळ्यांनी सांगत गेला. "आता येतंय ते पांढरडोळ्या, पंख खडखडतायत. ही चक्रांगं, हसल्यासारखी ओरडतात. हे काळं बदक, जाडा आवाज." प्रत्येक वेळी मी दुर्बिणीतून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तो बरोबर निघाला. "आणि जे काही न बोलता येतं," तो म्हणाला, "तेव्हा मान बघ. पुढे वाकलेली, जणू खाली काही पडलंय ते शोधतंय. डोकं मागे टोकदार. तो ठिपक्या. आणि एक लक्षात ठेव, गोळी झाडली की बाकीची निघून जातात. ठिपक्या गोल फिरून परत येतो. परत परत येतो. त्याला वाटतं, चुकून झालं असेल."

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज विचित्र झाला. दारू असणार. परत आल्यावर त्यानं चहा ओतला तो निम्मा कपाबाहेर, मेजावर. सकाळी साडेनऊला! किळस आली. तरी वहीत सगळं उतरवून घेतलं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सभागृहात आमची सभा. साठ माणसं, स्कोन आणि चहा. मी पाऊण तास बोलले. बंदुकीतून सुटणारे छरे एका बदकासाठी असतात आणि चार बदकांना लागतात, हे आकड्यांनी सांगितलं. मग 'कूराबेलच्या भेकडा'वर आले. त्यानं सेहेचाळीस जीव चिखलात पुरले आणि घरी जाऊन जेवला, म्हणाले. तो आजही आपल्यात बसतो, आपल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, म्हणाले. टाळ्या थांबेनात.

क्लेम शेवटच्या रांगेत होता. मध्येच उठला, खुर्चीला धडकला, दुसऱ्या खुर्चीला धडकला. बिस्किटनं त्याला दाराकडे ओढत नेलं. लोक हसले. मीही.

नंतर इलारिया म्हणाली, "विन, तुझी भाषणं ऐकून मला हल्ली वाटतं की तुला ती सेहेचाळीस बदकं आवडली होती." इलारिया फॅबियानी म्हणजे आमची जनावरांची डॉक्टर. जखमी पक्षी सगळे तिच्याकडे जातात. तिला मनुष्यांचं काही कळत नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

पास. एकही चूक नाही. च्युइंगमवाल्या मुलीनं परवाना हातात दिला. त्यावर माझा फोटो, आणि फोटोखाली छापलंय : शिकारी.

घरी येऊन हात दोनदा धुतले.

क्लेमला सांगायला गेले. तो टपालातून आलेलं एक पत्र हातात घेऊन बसला होता. "वाचून दाखव गं, चष्मा सापडेना." मेलबर्नच्या दवाखान्याचं पत्र, पुन्हा तपासणीला या, वगैरे. चष्मा त्याच्या खिशातच होता. आळशी माणूस.

"पास झालीस? मला ठाऊक होतं." मग म्हणाला, "मास्तरीणबाई, त्या भेकडाचं नाव कळलं तर काय करशील?"

"सांगितलंय की. पायऱ्यांवरून घेईन. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर."

"घ्यायलाच हवं," तो म्हणाला आणि बिस्किटचे कान कुरवाळत राहिला.

३ मार्च, रविवार

तळ्यावर अडतीस ठिपकी बदकं उतरली आहेत. इलारियानं मोजली, मी मोजली. तळं बंद करा म्हणून अर्ज केला होता. शिकार खात्याचं उत्तर आलं : तळं बंद करण्याइतकी त्यांची संख्या नाही. मात्र गेल्या वर्षीचा प्रकार लक्षात घेता, यंदा या तळ्यावर एक जरी संरक्षित पक्षी मारला गेला तर तळं शिकारीसाठी कायमचं बंद करण्यात येईल.

एक जरी.

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगायला लाज वाटते. इलारियाच्या दवाखान्यात बोलून गेले, "म्हणजे एक पडला तरी पुढची सगळी वर्षं, सगळी बदकं वाचतील."

ती एका बगळ्याचा पाय बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला मेलेली हवीत की जिवंत?"

"मी हिशेब मांडतेय."

"तू भाषण मांडतेयस. पहिलं वाक्यही तयार असेल."

होतं. तयार होतं. ते इथे लिहिणार नाही. स्वतःचीच ओकारी येईल.

९ मार्च, शनिवार

आज मर्व डंकली घरी आला. शिकाऱ्यांच्या छावणीचा म्होरक्या. पन्नाशीचा आहे, पण मी त्याला सातवीत इतिहास शिकवलाय, त्यामुळे दारात टोपी काढून उभा राहिला. मागे क्लेम आणि बिस्किट.

"बाई, क्लेमचा गुडघा गेलाय. यंदा तो पाण्यात उभा राहू शकत नाही."

"फार वाईट झालं. तुम्हीही राहू नका."

"एक ठिपक्या पडला तर तळं जाईल आमचं. आमच्यात बाकी कोणाची तेवढी ओळख नाही. तरण्या पोरांना तर कोंबडी आणि बदक यांतला फरक..." त्यानं क्लेमकडे पाहिलं. "क्लेम म्हणतो, तुम्ही उभ्या राहा. झाडाशी."

मी हसले. मग मला कळलं की तो थट्टा करत नाहीये. मी त्याला काय काय बोलले ते आठवत नाही. म्हणाले असेन, की खाटकाच्या दुकानात 'हे शेळीचं, हे मेंढीचं' सांगायला मी नोकरीला नाही. मर्व लाल झाला. बाई रागावल्यावर सातवीतही तो असाच लाल व्हायचा.

क्लेम एवढंच म्हणाला, "अडतीस आहेत ना? तू पहाटे पाण्यात जाणारच आहेस. झेंडा घेऊन ओरडलीस तर कोणी ऐकणार नाही. झाडापासून ओरडलीस तर ऐकतील. त्यांना सवय आहे."

"आणि मी ओरडले आणि त्यांनी ऐकलं, तर तळं त्यांचं राहील. पुढच्या वर्षीही."

"हो," क्लेम म्हणाला. "तसंच आहे ते."

रात्रभर विचार करायचा म्हणून त्यांना घालवून दिलं. जाताना क्लेम दारात अडखळला, मग वळून म्हणाला, "हाक देणं सोपं असतं गं, मास्तरीणबाई. न देणं कठीण."

माझ्या बोलण्यावर टोमणा मारल्याशिवाय याला जेवण जात नाही.

१० मार्च, रविवार

हो म्हणून कळवलं. इलारियाला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक. पण आपल्या लोकांना तूच सांग." मी सांगितलं नाही अजून.

१५ मार्च, शुक्रवार

छावणी पडली. दुपारी गाडीनं फेरी मारली. तंबू, बियरची खोकी, लष्करी रंगाचे कपडे घातलेली माणसं, जणू बदकांनी युद्ध पुकारलंय. दोरीवर प्लॅस्टिकची बदकं वाळत घातलेली. ती पाण्यात सोडायची म्हणजे खऱ्या बदकांना वाटतं, इथे आपले लोक आहेत, उतरावं. यापेक्षा नीच युक्ती मनुष्यजातीला सुचलेली मला माहीत नाही, आणि मी इतिहास शिकवलाय.

मर्वच्या बायकोनं हात केला, लॅमिंग्टन केक खायला बोलावलं. गेले नाही.

१६ मार्च, शनिवार

आजचं सगळं लिहायचं आहे. हात दुखतोय, तरी.

छातीपर्यंत येणारी रबरी विजार, वर माझं नारिंगी जाकीट. ते काढा म्हणाले, मी नाही म्हणाले. पाणी कमरेपर्यंत. झाडाला पाठ लावून उभी राहिले. झाडाच्या खोडावर एका उंचीवर साल झिजून गुळगुळीत झालेली आहे. बावीस वर्षं तिथे कोणाची तरी पाठ टेकलेली. माझी पाठ जरा खाली आली. दोन्ही बाजूंना लव्हाळ्यात वीस-पंचवीस बंदुका. कुजबुज. कोणीतरी म्हणालं, "इतिहासाच्या तासाला गप्प बसा रे." हसले.

उजाडलं. पलीकडच्या काठावर आधी बार झाले आणि तळ्यावरचं सगळं एकदम उठलं. पंखांचा तो आवाज मी तीस वर्षं काठावरून ऐकलाय. मध्ये उभं राहिलं की तो डोक्यावर कोसळतो.

पहिला थवा माझ्याकडे आला तो काही न बोलता. माना वाकलेल्या. खाली काहीतरी शोधत.

मी ओरडले, "सोडा!"

विधानभवनाच्या पायऱ्यांवर, रस्त्यांवर, संपांत, सभांत मी आयुष्यभर ओरडले. एवढ्या मोठ्यानं कधीच ओरडले नसेन. आणि काय झालं? पंचवीस बंदुका वर उठल्या होत्या त्या तशाच राहिल्या. एकही बार नाही. अडतीस ठिपकी बदकं माझ्या डोक्यावरून गेली. मी मोजली. पोटाखालचा फिकट रंग दिसला. तीस वर्षांत पहिल्यांदा या लोकांनी माझं ऐकलं होतं. लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. मला टाळ्या ऐकू आल्यासारखं झालं.

थवा वळला आणि परत आला, क्लेम म्हणाला होता तसा. "सोडा!" पुन्हा शांतता.

मग पूर्वेकडून दुसरा थवा. हसल्यासारखा आवाज. चक्रांगं, पन्नास-साठ. मारायला परवानगी असलेली.

ओळीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं आणि मी टोमणा समजले होते. हाक नाही म्हणजे मारा. ते माझी वाट बघत होते. मी 'सोडा' म्हटलं असतं तर त्यांनी सोडलंही असतं, एकदा. त्यांच्याही नजरेला चक्रांग कळतं. मग त्यांना कळलं असतं की बाई खोटं बोलते, आणि अडतीस अजून वर फिरत होती, पुन्हा वळत होती, त्यांच्यासाठी माझ्या हाकेला कवडीची किंमत उरली नसती.

तोंड उघडलं. मिटलं.

मी गप्प बसले, आणि त्यांनी तेही ऐकलं.

अकरा पडली. एक माझ्यापासून हातभर अंतरावर, पाठीवर, पाय हवेत मारत. ते मी उचललं आणि जाकिटात घातलं. शेजारच्या माणसानं त्याचं उचललं, मान धरली आणि हात गरगर फिरवला, वाळत घालायच्या टॉवेलातलं पाणी झटकावं तसा. त्याच्या तोंडात सिगारेट होती. ती पडू नये म्हणून तो मान तिरपी करत होता. मी झाडाला धरून पाण्यात ओकले. तोंड पुसलं, कारण ठिपकी परत येत होती.

"सोडा!"

सकाळभर असंच. सात वेळा ओरडले. नऊ वेळा गप्प बसले.

दहा वाजता आमची माणसं पाण्यात उतरली, नारिंगी ओळ. त्यांनी मला झाडाशी पाहिलं, दोन्ही बाजूंना बंदुका. इलारिया सरळ आली, जाकिटातलं बदक काढून घेतलं, पंख तपासला आणि म्हणाली, "हे जगेल. बाकी कुठे?" मी बोटानं दाखवत गेले. कुठलं कुठे पडलं ते मला सगळं ठाऊक होतं.

काठावर मर्व थर्मासमधून कॉफी ओतून उभा. "बाई, मानलं. क्लेमपेक्षा तुमची हाक बरी. तुम्हाला निदान दिसतं तरी."

"म्हणजे?"

तो थांबला. जीभ चावलेल्या पोरासारखा चेहरा. "तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं, त्यानं शिकवलं तुम्हाला, म्हणजे..." मग जमिनीकडे बघत बोलत गेला. "गेल्या वर्षीही ठिपकी अशीच आली, गुपचूप. आम्ही वाट बघत होतो. हाक आली नाही. चारदा परत आली, चारदा हाक नाही. पडल्यावर कोणीतरी एक उचलून ओरडलं तेव्हा म्हातारा पाण्यात धडपडत आला, हातात घेऊन चाचपलं, डोक्यावरून बोट फिरवलं. मग गुडघ्यांवर बसला. तिथेच, चिखलात. उठेचना. आम्ही पुरली ती बदकं, बाई. त्यानं नाही. तो म्हणत होता, खात्याला कळवा. त्याच्यासाठी पुरली."

कॉफी मी प्यायले नाही.

कपाबाहेर सांडलेला चहा. खिशातला चष्मा. 'बघू नकोस, ऐक.' आणि सभागृहात दोन खुर्च्यांना धडकत बाहेर जाणारा तो, आणि हसणारी मी.

१७ मार्च, रविवार

सकाळी क्लेमकडे गेले. व्हरांड्यात बसला होता, तोंड तळ्याच्या दिशेला.

"किती?" त्यानं माझ्या पावलांवरून ओळखलं.

"अडतीस आली. अडतीस गेली."

त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आणि बाकीची?"

मी वाकून बिस्किटचे कान कुरवाळू लागले.

"ती मोज," तो म्हणाला. "मी कधी मोजली नाहीत."

आत जाऊन चहा केला. कप मेजावर ठेवला नाही. त्याच्या हातात दिला, बोटं कपाच्या कानावर नीट बसेपर्यंत धरून ठेवला. त्यानं मान माझ्याकडे वळवली. त्याला कळलं की मला कळलंय.

"उद्या पायऱ्यांवर जाणार ना?" तो म्हणाला. "मी येऊ का? इस्त्रीचा शर्ट आहे एक."

"चार तास गाडीत तुझी कुत्री ओकेल. घरी बस."

"मास्तरीणबाई, तू वचन दिलंयस लोकांना."

"चहा पी, क्लेम. निवतोय."

१८ मार्च, सोमवार

पायऱ्यांवर पांढरी चादर अंथरली. तिच्यावर चौऱ्याऐंशी बदकं मांडली, काल आमच्या लोकांनी तळ्यातून आणि कचऱ्याच्या खड्ड्यांतून गोळा केलेली. ही सगळी माझ्या नऊ वेळच्या गप्प बसण्यातली. मोजली. दोनदा.

कॅमेरे आले. गेल्या वर्षीचा तो उंच वार्ताहर वाकून ओळीतून फिरला. "यांत ठिपकी कुठली?"

"एकही नाही."

"निळचोच्या? हंस?"

"नाही. सगळी परवानगीतली."

त्यानं कॅमेरावाल्याकडे पाहिलं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला. "मग यात बातमी काय आहे?"

माझ्याकडे वीस मिनिटांचं भाषण होतं. पर्समध्येच राहिलं.

"गेल्या वर्षी मी इथे एक चूक दाखवायला आले होते," मी म्हणाले. "यंदा शनिवारी कूराबेलवर एकही चूक झाली नाही. पक्षी ओळखणारं माणूस पक्षी ओळखत होतं. नियम पाळले गेले. नेमके हेच पक्षी मारायचे होते, आणि हेच मारले. हे बघा, हे सगळं बरोबर झालेलं आहे. जवळून बघा. वास घ्या."

कोणी वाकलं नाही. एका बाईनं लेकराला दुसरीकडे वळवलं.

"आणि तो भेकड?" वार्ताहरानं विचारलं. "तुम्ही नाव देणार होता. मिळालं का?"

सगळे पुढे सरकले. कॅमेरा पुन्हा खांद्यावर गेला. नावासाठी मात्र गेला.

वर्षभर एका माणसाच्या नावासाठी मी रान उठवलं. ज्या खेळात एका दुर्मीळ जिवाचं मरण-जगणं एका म्हाताऱ्याच्या विझत चाललेल्या नजरेवर टांगलेलं असतं, त्या खेळाला दरवर्षी सही करून परवानगी देणाऱ्यांची नावं माझ्या पाठीमागच्या इमारतीच्या दारावरच पितळी पाट्यांवर कोरलेली आहेत. मी वळून ती मोठ्यानं वाचून दाखवली. एकेक. ती कोणी लिहून घेतली नाहीत.

"पण त्या माणसाचं नाव?"

"मिळालं नाही," मी म्हणाले.

पायऱ्यांवरून बोललेलं माझं पहिलं खोटं. आवाज जराही हलला नाही.

परतीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीवर थांबले तेव्हा परवाना फाडायला काढला. माझा फोटो, खाली शिकारी. निम्म्यापर्यंत वाकवला.

मग सरळ करून परत ठेवला. पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालतो, आणि त्या मार्चमध्ये ती अडतीस पुन्हा फिरून येतील.